घटकखंडी स्फटिकरचना

स्फटिकाची अणुरचना म्हणजे मोजक्या प्रमाणित खंडांची ठरावीक क्रमाने झालेली जुळणी आहे, असे मानून तिचे वर्णन करण्याची पद्धत. खंड म्हणजे मूळ रचनेतून एका प्रतलाला समांतर कापून घेतलेला अणूंचा थर किंवा पट्टा. एरवी स्फटिकरचना एकक कोशिकेच्या, म्हणजे सर्व दिशांना पुनरावृत्त होणाऱ्या लहानात लहान चौकटीच्या आधारे सांगतात. परंतु ही कोशिका मोठी असली की अणुस्थानांची यादी लांबते आणि निकटच्या खनिजांतील साम्य तीत झाकले जाते. खंडांच्या भाषेत तेच साम्य उघड होते.

एकाच जातीचे थर निरनिराळ्या क्रमाने रचले गेल्यास रासायनिक संघटन न बदलता रचना बदलते. यास बहुप्रकारता म्हणतात. सिलिकॉन कार्बाइडाचे असे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. खंड मात्र दोन भिन्न जातींचे असले, तर त्यांच्या प्रमाणानुसार संघटनही बदलत जाते आणि खनिजांची मालाच तयार होते. जेम्स थॉम्पसन यांनी १९७० च्या दशकात अशी माला पायरोक्सीन, अँफिबोल व अभ्रक या सिलिकेटांबाबत मांडली. पायरोक्सिनात सिलिका चतुष्फलकांच्या एकेरी साखळ्या, अँफिबोलात दुहेरी साखळ्या, तर अभ्रकात व संगजिऱ्यात सलग थर असतात. पायरोक्सीन खंडात मॅग्नेशियम व सिलिकॉन यांचे प्रत्येकी ४ अणू आणि संगजिऱ्याच्या खंडात अनुक्रमे ३ व ४ अणू धरले, तर त्यांची बेरीज ७ व ८ येते. हेच अँथोफिलाइट या अँफिबोलाचे प्रमाण होय. त्यात संगजिऱ्याचा आणखी एक खंड मिळवला की १० व १२ हे प्रमाण मिळते. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात चेस्टर येथे सापडलेल्या, तिहेरी साखळ्यांच्या जिमथॉम्पसोनाइट या खनिजाचे प्रमाण हेच आहे. मॅग्नेशियमाच्या काही जागा त्यात लोह घेते. तेथीलच चेस्टराइटात दुहेरी व तिहेरी साखळ्या आलटून पालटून येत असल्याने त्याचे प्रमाण १७ व २० भरते.

उच्च विभेदनक्षमतेच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या साखळ्यांचा क्रम प्रत्यक्ष दिसतो आणि तो कोठे विस्कळीत झाला आहे, हेही कळते. खंड हे सुटे पदार्थ नसून वर्णनासाठी कल्पिलेले भाग आहेत, आणि सांध्यापाशी अणू आपल्या आदर्श जागेवरून किंचित सरकतात. ही मर्यादा लक्षात घेऊनही, ज्ञात खनिजांची संगती लावणे आणि संभाव्य रचनांचे सूत्र आधीच काढणे ही दोन्ही कामे एकाच पद्धतीने साधत असल्याने खनिजविज्ञानात तिचे महत्त्व मोठे आहे.