फुलमळ्याचें वर्ष आणि पोथ्यांतील फुलांचीं नांवें

शेवटीं लेखनकाल दिलेला नाहीं अशी पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक तिचा कागद, शाई व अक्षरवळण पाहतो. पूजाविधि, माहात्म्य, व्रतकथा किंवा देवस्थानाच्या नित्यखर्चाची याद असे लेख असल्यास कालनिर्णयाचें आणखी एक साधन उपलब्ध असतें, पण तें बहुधा दुर्लक्षित राहतें. तें म्हणजे त्यांत आलेलीं फुलांचीं नांवें. या साधनाचा उपयोग करावयाचा तर कविसंप्रदायांतील उद्यानवर्णनें पुरेशीं नाहींत. फुलांवर पोट भरणाऱ्या कुटुंबाचें वर्ष कसें जातें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

अमरसिंहानें ‘मालाकार’ व ‘मालिक’ हे शब्द कारागिरांच्या पंक्तीस, कुंभकाराच्या शेजारीं दिले आहेत. फुलांस त्यानें दिलेल्या पर्यायांपैकीं कित्येक तर ऋतूंवरूनच पडलेले आहेत. कुंदास तो ‘माघ्य’ म्हणतो, माधवीलतेस ‘वासंती’, सातविणास ‘शारद’ आणि मल्लिकेस ‘शीतभीरु’. मल्लिका म्हणजे आपला मोगरा असें सामान्यतः मानतात. तिला थंडीची भीति कां, हें पुण्याच्या आसमंतांतील एखाद्या मळ्यांत वर्षभर लक्ष ठेविल्यास सहज कळतें.

हिंवाळ्याच्या आरंभीं मोगऱ्याचें पाणी तोडून झाड ताणावर ठेवितात. पौष-माघांत छाटणी करून, आळीं खणून, शेणखत घालून पुन्हां पाणी सोडतात. फाल्गुनापासून कळी धरूं लागते व चैत्र-वैशाखांत घरांतील एकही हात मोकळा राहत नाहीं. कळी मिटलेली असतांनाच, उजाडतां उजाडतां खुडावी लागते. उमललेलें फूल बाजारीं पोंचेपर्यंत मलूल होतें. खुडणें, निवडणें आणि केळीच्या सोपाच्या दोऱ्यांत ओंवणें हीं कामें बहुतांशीं बायकामुलांचीं, तर मोट हांकणें व बाजार गांठणें हीं पुरुषांचीं. आतां मोटेच्या जागीं पंप आला आहे; पहाटेची खुडणी मात्र टळलेली नाहीं.

पाऊस लागला कीं मोगरा ओसरतो आणि जाई-जुई बहरतात. आषाढाच्या पूर्वार्धांत झेंडूचें रोप टाकतात. तें तीन-चार आठवड्यांचें झालें म्हणजे शेतांत लावतात, पुढें शेंडा खुडून त्यास फांद्या फुटूं देतात, आणि लावणीनंतर सुमारें दोन महिन्यांनीं फूल हातीं येतें. म्हणजे विजयादशमीचा हिशेब आषाढांतच मांडलेला असतो. पंधरवड्याचा उशीर झाला तर दसरा हुकतो, मग दिवाळीवर भिस्त. निशिगंधाचे कंद चैत्र-वैशाखांत जमिनींत गेलेले असतात. शेवंतीच्या काश्या उन्हाळ्यांत लावतात; परंतु दिवस लहान होऊं लागल्यावांचून ती कळी धरीत नाहीं, म्हणून तिचा भर कार्तिक-मार्गशीर्षांत येतो.

या वर्षक्रमांतील मोगरा, जाई, जुई व कुंद यांस अमरकोशांत स्थान आहे. झेंडू व निशिगंध यांस नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या सर्वमान्य मताप्रमाणें हीं दोन्ही झाडें मूळचीं मेक्सिकोचीं. पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें १५१० सालीं, आणि मेक्सिकोची राजधानी स्पॅनिशांच्या हातीं पडली १५२१ सालीं. तेव्हां झेंडूचा उल्लेख करणारें वाक्य सोळाव्या शतकापूर्वींचें मानतां येत नाहीं. दसऱ्याचें झेंडूचें तोरण हा अनादि आचार आहे, असें मीं स्वतः अनेक वर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों. ती चूक येथें पदरीं घेतों.

मात्र या साधनाचा उपयोग करितांना तीन पथ्यें पाळावीं. पहिलें, नांवाची भाषा व झाडाची भूमि एकच नसते. निशिगंधासच म्हणावयाचें ‘गुलछबू’ हें नांव व ‘गुलबक्षी’ हें नांव, हीं दोन्ही फारशी वळणाचीं. पण झाडें अमेरिकेचीं. दुसरें, एक नांव दोन झाडांस लागूं शकतें. संस्कृतांतील चंपक म्हणजे सोनचाफा. देवळांच्या आवारांत दिसणारा पांढरा खुरचाफा हा अमेरिकेंतून आलेला. यास्तव केवळ ‘चाफा’ या शब्दावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. हिंदींत ‘सेवती’ म्हणजे गुलाबाची एक जात. म्हणून जुन्या लेखांतील ‘सेवंती’ ही आजची शेवंतीच, असें गृहीत धरूं नये. तिसरें, नक्कल करणारा लेखक आपल्या अंगणांतील फूल मूळ यादींत सहज घालतो. तेव्हां झेंडूवरून काळ ठरतो तो त्या ओळीचा, संपूर्ण ग्रंथाचा नव्हे. दुसरी प्रत ताडून पाहिल्यावांचून ग्रंथास अर्वाचीन ठरविणें अन्यायाचें होईल.

अशा निर्णयास खरा आधार मळेकऱ्यांच्या व देवस्थानांच्या हिशेबांचा. पेशव्यांस फुलें पुरविल्यामुळें गोऱ्हे हें उपनांव मागें पडून फुले हें रूढ झालें आणि ३५ एकर जमीन इनाम मिळाली, असें महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांचे चरित्रकार सांगतात. इनामाची सनद घराणें जपतें, कारण तिच्यावर हक्क चालतो. कोणत्या महिन्यांत कोणत्या फुलाच्या किती परड्या गेल्या, हें टिपलेला चतकोर कागद मात्र रद्दींत जातो. कारण त्यावर कोणाचाच हक्क चालत नाहीं.

संग्राहकांस विनंति एवढीच कीं, असे तुकडे हातीं आल्यास टाकूं नयेत. फुलाचें नांव, महिना व परिमाण जसेंच्या तसें उतरून घ्यावें आणि ‘झेंडू’ या शब्दाचें संस्कृत रूप करून तो ‘शुद्ध’ करूं नये. त्या एका अशुद्ध शब्दांतच पुष्कळदां पोथीच्या काळाचा पुरावा असतो.