नागपुरातील जीवशास्त्राचे शिक्षण : फीचा पूर्वेतिहास

पालकहो, डॉक्टरीला नंबर लागला नाही आणि बी.एस्सी. परवडणार नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबविणारी घरे आपल्या मनीषनगरातही आहेत. परवडणार नाही, हे कोणत्या चौकशीवरून ठरले?

नागपुरात १८८३ साली मिशनऱ्यांनी हिस्लॉप कॉलेज काढले. १९०६ साली सरकारने व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स काढले. तीच आजची सिव्हिल लाइन्समधील शासकीय विज्ञान संस्था. विद्यापीठ १९२३ चे. पुढे खाजगी महाविद्यालयांतील प्राध्यापकांचे पगारही शासन अनुदानातून देऊ लागले, म्हणून तेथील फी बेताची राहिली. १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर इंजिनियरिंग व मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली आणि हळूहळू ते तत्त्व विज्ञान शाखेतही शिरले. बायोटेक्नॉलॉजीसारखे नवे विषय बहुधा त्यावरच चालतात. तेथे शिक्षकांचा पगार तुमच्या फीतून निघतो. (नावाला भुलणारे आपण!) वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र हा जुना गट अनुदानित तुकडीत मिळाला, तर पदवी तीच बी.एस्सी. आणि खर्च पुष्कळच कमी.

एकाच इमारतीत दोन्ही तुकड्या असू शकतात. तेव्हा अर्ज भरताना तुकडी अनुदानित आहे का, हे विचारा; प्रयोगशाळेची फी वेगळी आहे का, तेही. उज्ज्वलनगरहून मेट्रोचे भाडेही हिशेबात धरा.