साथ

रोगाची ‘साथ’ आणि सोबतीची ‘साथ’ हा एकच शब्द. संस्कृतात ‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. प्राकृतात त्याचा ‘सत्थ’ झाला आणि मराठीत ‘साथ’. एकट्या रुग्णाची साथ होत नाही, हे शब्दातच आहे. पण तांडा किती जणांचा? जानेवारी 2025 मध्ये पुण्यातल्या धायरी, किरकटवाडी, नांदेड या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक आढळले. हातापायांतली ताकद घालवणारा हा आजार एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. म्हणून काही आठवड्यांतले मोजके रुग्णही तिथे साथच ठरतात. साध्या तापाच्या तेवढ्याच रुग्णांची कुणी दखल घेतली नसती.

अशा साथीत कोणाला, कुठे, कधी एवढेच विचारणाऱ्या वर्णनात्मक अभ्यासातून, मग ती रुग्णमालिका असो वा घरोघरची पाहणी, कारण सिद्ध होत नाही हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी आजारी आणि निरोगी यांची तुलना लागते. मात्र रुग्ण एका पट्ट्यात एकवटलेले दिसले, की तिथल्या विहिरींचे, टँकरचे पाणी आधी तपासायला हवे, हे तोच अभ्यास सांगतो. बोभाटा झाला म्हणून नोंदी वाढल्या, असेही म्हणता येईल. सर्दी-खोकल्याबाबत ते पटेल; हातापायांतली ताकद गेलेला माणूस बातमी वाचून दवाखान्यात जात नाही.