नव्वद मिनिटांत काय बसवायचं?

सध्या आपल्या तालुक्यातल्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘रोज एक गाणं’ जोरात चाललंय. सकाळी विषय पडतो आणि रात्री झोपायच्या आत प्रत्येकानं त्यात बसणारं एकच गाणं टाकायचं. पावसातलं गाणं, एसटीत पहिल्यांदा ऐकलेलं गाणं, मांडवातलं गाणं. दुसरं टाकलं की बाद. ‘घाटातलं गाणं’ या विषयाच्या दिवशी गाणी राहिली बाजूला आणि करूळ घाटाच्या कामावरून जुंपली, ते सोडून देऊ. पण एरवी शेतीच्या खतापलीकडे न बोलणारी माणसंसुद्धा “एकच कसं निवडायचं हो?” म्हणून हैराण झालेली बघून मजा वाटते.

कुणीतरी लिहिलं की हे परदेशी फॅड आहे. नाव परदेशी असेल, काम आपल्याकडं जुनं आहे. ज्यांचं वय आज चाळीसच्या पुढं आहे त्यांनी हेच काम पैसे मोजून केलंय. त्याला आपण ‘कॅसेट भरून घेणं’ म्हणायचो.

फिलिप्स कंपनीनं ही छोटी कॅसेट १९६३ साली काढली. आपल्या घराघरांत ती शिरली ऐंशीच्या दशकात. आखातात कामाला गेलेली माणसं येताना टू-इन-वन घेऊन यायची. टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेट इतकी स्वस्त केली की ग्रामोफोन ज्याच्या घरात कधीच येणार नव्हता त्याच्याकडंही टेप आला. मग कोल्हापुरात बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाच्या तारखेला जाणारा माणूस खिशात गाण्यांची यादी घेऊन जाऊ लागला. दुकानदाराकडं जाडजूड वही, त्यात सिनेमांची नावं. कोरी कॅसेट साठ किंवा नव्वद मिनिटांची. साठची घेतली तर एका बाजूला तीस मिनिटं. सिनेमाचं गाणं चार मिनिटांचं धरलं तर बाजूला सात गाणी, दोन मिनिटं शिल्लक. खरी डोकेफोड त्या दोन मिनिटांची. दुकानदार एकतर आठवं गाणं घालायचा आणि ते कडव्याच्या मध्येच खटकन तुटायचं, नाहीतर टेप तशीच सोडून द्यायचा. अशी मधेच तुटलेली गाणी आज पूर्ण ऐकली तरी कान त्या जागी थबकतात.

कायद्यानं हा धंदा चोरीचाच होता. १९८४ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कमीत कमी सहा महिन्यांची कैद आली, तरी कॅसेट भरायच्या चालूच राहिल्या. गीतकार-संगीतकारांचं त्यात नुकसान झालं हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कंपनीनं ठरवलेल्या क्रमाऐवजी ऐकणाऱ्यानं स्वतःचा क्रम लावायचा, ही गोष्ट सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा त्या चोरट्या कॅसेटनं दिली, हेही तितकंच खरं.

त्याआधी निवड दुसरेच लोक करायचे. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात यंत्र घेऊन आला आणि गौहर जान गायली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. रात्रभर चालणारा राग त्यात कोंबायचा. गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कुठली कुणाची हे कळावं म्हणून ती सोय, असं सांगतात. कुणाला गायला बोलवायचं, कुठली चीज घ्यायची, हे कंपनी आणि तिचे एजंट ठरवणार. ज्यांना त्यांनी बोलावलं नाही ते गेले.

मग रेडिओ. इथं निवड थेट दिल्लीतून झाली. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, मराठी माणूस, १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोकांचे कान शास्त्रीय संगीतानं घडवायचे, असा त्यांचा आग्रह. हेतू वाईट नव्हता. पण लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडं फिरवली. त्याच वर्षी तिथं बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानी घरातले झाले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारनं विविध भारती काढली. मंत्र्यांनी निवडलेलं आणि लोकांनी निवडलेलं यातली ही कुस्ती पाच वर्षं चालली आणि चितपट कोण झालं ते उघड आहे. मात्र त्याच काळात, त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ लावलं. गदिमा आणि आपल्या कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके, छप्पन्न गाणी, आठवड्याला एक. आठवडाभर एकाच गाण्यावर चर्चा करायची सवय महाराष्ट्राला तेव्हापासूनची आहे, त्यामुळे आमच्या ग्रुपवाल्यांनी फार शेफारून जाऊ नये.

१९६३ ला सांगली केंद्र आलं आणि ‘आपली आवड’ला पोस्टकार्डं टाकायचा नाद आपल्या भागाला लागला. गाणं नंतर, आधी पसंती कळवणाऱ्यांच्या नावांची आगगाडी. गाणं आवडीचं नसलं तरी गावाचं नाव लागतंय का म्हणून माणसं ऐकायची.

आता मला ज्या यादीबद्दल खरं सांगायचंय तिच्याकडं येतो. आजवरची सगळ्यात अवघड कॅसेट १९७७ साली अमेरिकेत भरली गेली. नासा व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडणार होती. ती गुरू-शनी बघून सूर्यमालेच्या बाहेर जाणार आणि परत येणार नाहीत. त्यावर एक सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी लावायची ठरली. समितीचे प्रमुख कार्ल सेगन, हाताशी ॲन ड्रुयन, टिमोथी फेरिस वगैरे मंडळी. मुदत काही आठवड्यांची. संगीताला जागा साधारण नव्वद मिनिटं. म्हणजे आपल्या मोठ्या कॅसेटएवढीच. त्यात पृथ्वी बसवायची.

भांडणं तिथंही झाली. चक बेरीचं रॉक अँड रोल घ्यायचं म्हटल्यावर हे पोरकट आहे अशी तक्रार निघाली. सेगननी उत्तर दिलं की पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत. शेवटी सत्तावीस तुकडे ठरले. बाखचे तीन, बेथोव्हनचे दोन आणि अख्ख्या भारताचा एक. हे प्रमाण बघून माझ्या कपाळावर आठी येते. पण तो एक तुकडा कुठला? केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटं. सुचवला रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकानं. तबकडी बाजारातून गेलेली. ड्रुयनबाईंनी शोध शोध शोधली आणि न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती मिळाल्या. सत्तावीसमध्ये तिचा नंबर पंचविसावा. तिच्यानंतर ब्लाइंड विली जॉन्सन हा अमेरिकेतला गरीब आंधळा गायक आणि मग शेवटचा बेथोव्हन. आपल्याकडं भैरवी झाली की मैफल संपते. तिथं भैरवीनंतरही दोन गाणी आहेत, हे त्या समितीला कुणी सांगितलं नसावं. त्याच तबकडीवर पंचावन्न भाषांत नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे.

व्हॉयेजर-२ हे २० ऑगस्टला सुटलं, व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबर १९७७ ला. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. व्हॉयेजर-१ आज २४ अब्ज किलोमीटरच्या पलीकडं आहे.

यात कोल्हापूर कुठं? ह्याच्यात कोल्हापूर मुळाशी आहे. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. आठेक वर्षांच्या असताना घर कोल्हापुरात आलं आणि काही महिने त्या अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या. पुढं बऱ्याच धडपडीनंतर १९२१ च्या सुमारास त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गंडाबंध शागीर्द झाल्या. खाँसाहेब म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारातले गायक. १८९५ च्या सुमारास ते कोल्हापुरात आले आणि १९२२ ला महाराज जाईपर्यंत इथंच राहिले, मग मुंबईला गेले. ज्याला आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणतात ते वाढलं आपल्या या गावात. नावात जयपूर आणि अत्रौली, कोल्हापूर कुठंच नाही, हेही आपल्या नशिबाला साजेसंच. धाकटे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरातच राहून शिकवत राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडं शिकले.

आणि अल्लादिया खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज? तो नाही. १९४६ ला ते गेले. गौहर जानच्या तबकडीनंतर चव्वेचाळीस वर्षं हा माणूस जिवंत होता, गात होता, शिकवत होता आणि त्यांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. आपली विद्या कुणी चोरेल म्हणून ते मुद्रणाला बसले नाहीत, असं म्हणतात. शिष्येचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर गेला आणि गुरूचा आवाज कोल्हापूरच्या वेशीपर्यंतसुद्धा ऐकू येत नाही. त्यांचं गाणं कसं होतं ते आपल्याला गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी लिहिलेल्या शब्दांतून आणि शिष्यांच्या गळ्यातून ताडावं लागतं.

ही मोठ्या माणसांची गोष्ट झाली. आपल्या डोंगरातल्या गाण्याचं काय? धनगरवाड्यावरच्या ढोलाच्या ओव्या, भजनी मंडळांचं एकादशीचं जागर, बायकांची जात्यावरची गाणी. ग्रामोफोन कंपनीचा एजंट भुईबावडा घाट चढून इथं यायचा प्रश्नच नव्हता. आकाशवाणीनं थोडंफार घेतलं. जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यात बसून केलं. १९८० च्या दशकात ते मुळशीकडच्या गावांपासून सुरू झालं आणि एक लाखावर ओव्या लिहून ठेवल्या गेल्या, हजारो मुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या संकेतस्थळावर एकेक करून आणतेय. ऐकून बघा. एखादी ओवी आपल्या आजीच्या तोंडची वाटेल. चाल वेगळी, पण दुखणं तेच.

आपल्या घाटमाथ्यावरचं जे आहे ते मात्र एकाच ठिकाणी असायची शक्यता आहे. त्याच टू-इन-वनच्या कॅसेटांत. ऐंशी-नव्वदच्या दशकात घरात टेप आला की पहिल्यांदा काय व्हायचं? लाल बटण दाबून घरातल्यांचे आवाज भरायचे. आजीला ओवी म्हणायला लावायची, लग्नातला मंगलाष्टकांचा गोंधळ, सप्त्यातलं कीर्तन, शाळेतलं स्नेहसंमेलन. आणि मग कोरी कॅसेट परवडेना म्हणून त्याच्यावरच नव्या सिनेमाची गाणी. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारक्या चौकोनी पट्ट्या असायच्या. त्या तोडल्या की त्यावर पुन्हा काही भरता यायचं नाही. पण आपण लई हुशार. तुटलेल्या जागी कागदाची घडी कोंबायची किंवा चिकटपट्टी लावायची आणि खुशाल आजीवर ‘बाजीगर’ भरायचा. हीही निवडच होती. किती घरांत झाली असेल ते ज्याचं त्यानं आठवावं.

उरल्यात त्यांचं शत्रुत्व आता पावसाशी आहे. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस आपल्याकडं, जून ते सप्टेंबर भिंतीतनं ओल, कपाटात बुरशी. कॅसेटच्या फितीवर पांढरे ठिपके दिसायला लागले की समजायचं काय चाललंय ते. म्हणून ‘रोज एक गाणं’वाल्यांना माझी सूचना अशी की एक आठवडा बाजारातली गाणी बंद ठेवा. सात दिवस फक्त घरात भरलेलं, घरच्या किंवा गावच्या माणसाच्या गळ्यातलं टाका. विषय तोच.

त्याआधी काही गोष्टी. पांढरे ठिपके असलेली कॅसेट तशीच टेपमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करते. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका, फीत वाकडी होते. कोरड्या डब्यात ठेवा आणि जाणकाराला दाखवा. टेपसमोर मोबाईल धरून आवाज घेऊ नका, त्यात पंखा आणि कुत्रंच जास्त येतं. हेडफोनच्या जागेतून वायर काढून संगणकाला जोडता येते. वायर महाग नाही. आणि भरून झालं की नाव लिहा: कोण गातंय, कुठल्या वाडीची, साधारण कुठलं साल, निमित्त काय. नाव नसलेल्या आवाजाचं पुढच्या पिढीला काही करता येत नाही, हॅनोव्हरच्या कारागिरांना १९०२ साली पडलेली अडचण तीच.

तालुक्यातल्या गावांमध्ये अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. त्यांच्या समित्यांनी एक हार्ड डिस्क घेऊन हे आवाज गावनिहाय ठेवायचं मनावर घेतलं, तर कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र अधिविभाग आहे, त्यांच्याकडं विचारणा करता येईल. वाचनालयाच्या पुढच्या सभेत विषय मांडायला कोण तयार आहे ते खाली लिहा. ज्यांच्याकडं चालू अवस्थेतला टेप आहे त्यांनीही लिहा, कारण खरी टंचाई आता कॅसेटची नाही, ती वाजवायच्या यंत्राची आहे. आणि कपाटात कॅसेट सापडली तर आधी वरच्या कडेची चिकटपट्टी काढा.