पन्हाळ्याचा पाऊस आणि आसन्न संभवनीयता

पन्हाळ्यावर मुसळधार पाऊस कोसळत असता जोतिबाचा डोंगर सहसा कोरडा राहत नाही. शेजारच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र नसतात. परंतु या परिचित अनुभवास गणिताचे रूप देणे सोपे नाही. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा अशा दहा ठिकाणच्या वार्षिक कमाल पर्जन्याचे संयुक्त प्रतिमान कमाल मूल्यांच्या प्रचलित उपपत्तीनुसार रचले, तर एका वर्षाच्या नोंदींच्या संभवनीयतेतच १,१५,९७५ पदे येतात. येथे आसन्न रीतीवाचून गत्यंतर नाही. या रीतीच्या पायाभरणीत दोन महाराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञांचा वाटा आहे.

निरीक्षणे ज्या प्राचलमूल्यामुळे सर्वाधिक संभवनीय ठरतात ते मूल्य स्वीकारावे, ही रीत फिशर यांनी १९२२ साली मांडली. तथापि तिच्या समीकरणास अनेक मुळे असू शकतात. त्यांत एक सुसंगत मूळ असते, हे क्रामेर यांनी १९४६ मध्ये दाखविले. ते एकच असते व निदर्श वाढत जाता तेथे संभवनीयतेचे शिखरच आढळते, हे विशिष्ट अटींखाली १९४८ मध्ये सिद्ध केले ते कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी.

समग्र संभवनीयता मांडता येत नाही, तेथे लहान अंशांच्या संभवनीयतांचा गुणाकार घ्यावा, हा विचार बेसाग (१९७५) व लिंडसे (१९८८) यांच्या लेखनातून दृढ झाला. दहा ठिकाणांच्या जोड्या अवघ्या ४५ होतात, आणि प्रत्येक जोडीचे सूत्र आटोपशीर असते. मात्र प्रत्येक ठिकाण नऊ जोड्यांत येते. तीच माहिती पुनःपुन्हा मोजली जाते. त्यामुळे शिखराची जागा सहसा ढळत नसली, तरी ते वाजवीपेक्षा टोकदार भासते आणि अनुमान आहे त्याहून अधिक निश्चित वाटते.

हा दोष दूर करण्याचे साधन आधीच सिद्ध होते. पुण्यात जन्मलेल्या विद्याधर गोडांबे यांनी १९६० मध्ये आकलन-समीकरणांची तुलना करण्याची कसोटी दिली होती. समीकरणाच्या सरासरी उताराचा वर्ग त्याच्या प्रत्यक्ष प्रचरणाने भागावा, असे तिचे स्वरूप आहे. समग्र संभवनीयतेच्या बाबतीत हे माप फिशर यांच्या मापाशी जुळते. जोड्यांच्या बाबतीत ते वेगळे पडते, आणि तेथे तेच ग्राह्य धरावे लागते.

पंचगंगेने २०१९ व २०२१ साली महापुराचे रूप दाखविले आहे. पुलाची उंची वा पूररेषा ठरविताना आकलित पर्जन्याबरोबर त्यातील अनिश्चिततेचाही विचार करावा लागतो. आसन्न रीतीने ती अनिश्चितता कमी दाखविली, तर चुकीचा भार नदीकाठच्या वस्तीवर पडतो.