पट्टी बदलण्याचे गणित

कार्यक्रम सुरू व्हायला अर्धा तास उरलेला असतो आणि गायिका सांगते, "आज आवाज मोकळा आहे, पांढरी एक नको, काळी दोन घेऊ या." पेटीवाल्याच्या बोटांना ही सूचना नवी नसते. साथीला संगणक असेल तर काम आणखी सोपे होते. पडद्यावरच्या चौकटींत गाण्याचे कॉर्ड मांडलेले असतात. सी, ए मायनर, एफ, जी. एक आज्ञा दिली की त्यांच्या जागी ई फ्लॅट, सी मायनर, ए फ्लॅट, बी फ्लॅट उमटतात, आणि बास, पियानो, गिटार सारे नव्या पट्टीत वाजू लागतात. संगणकाने केलेले काम म्हणजे प्रत्येक स्वराच्या क्रमांकात तीन मिळवणे. पट्टी बदलणे ही इतकी साधी बेरीज व्हावी, यासाठी मात्र चार शतकांहून अधिक काळ गणिती, वाद्यकार आणि गायक झगडत होते. त्या झगड्यात एक सौदा झाला आणि त्याची किंमत आजही प्रत्येक कॉर्डमध्ये ऐकू येते.

हा सौदा समजण्यासाठी साध्या अपूर्णांकांपासून सुरुवात करावी लागते. षड्ज २४० हर्ट्झ मानला, तर कानाला निर्मळ वाटणारे स्वर त्याच्याशी लहान पूर्णांकांच्या गुणोत्तरात असतात. पंचम ३/२ म्हणजे ३६० हर्ट्झ, शुद्ध गंधार ५/४ म्हणजे ३००, ऋषभ ९/८ म्हणजे २७० आणि धैवत ५/३ म्हणजे ४००. या मापाने पेटी जुळवली तर ती त्या एका षड्जासाठी अप्रतिम वाजेल. आता गायकाने पट्टी दोन स्वरांनी चढवली आणि जुना ऋषभ हाच नवा षड्ज झाला असे समजू. नवा पंचम २७० च्या दीडपट, म्हणजे ४०५ हर्ट्झ हवा. त्या जागी पेटीवर जुना धैवत आहे, तो ४०० हर्ट्झचा. ही पाच हर्ट्झची तूट क्षुल्लक नाही. २७० चा तिसरा उपस्वर ८१० आणि ४०० चा दुसरा उपस्वर ८०० हर्ट्झचा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दहा विस्पंद निर्माण होतात आणि जो पंचम स्थिर असायला हवा तो थरथरू लागतो. ४०५ आणि ४०० यांचे गुणोत्तर ८१/८०. संगीताच्या गणितात या छोट्या फटीला ‘कॉमा’ म्हणतात. वाद्य एका पट्टीत शुद्ध जुळवावे तर दुसऱ्या पट्टीत ते बेसूर होणार, ही अडचण या फटीतून जन्मते.

सोळाव्या शतकात या फटीवर दोन टोकांच्या संस्कृतींत विचार झाला. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक होते. १५८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ल्यूटचे पडदे बांधण्यासाठी १८/१७ हे गुणोत्तर सुचवलेले आहे. बारा वेळा ते वापरले की १.९८६ येते, म्हणजे दुपटीच्या अगदी जवळ. त्याच दशकात, १५८४ च्या सुमारास, चीनच्या मिंग राजघराण्यातील झू झाइयू यांनी दोनचे बारावे मूळ फार मोठ्या अचूकतेने काढले. पुढे नेदरलँड्समध्ये सायमन स्टेविन यांनीही हेच मूळ सप्तकाच्या विभागणीसाठी वापरले. विचार सरळ होता. सप्तकाचे बारा भाग असे करावेत की प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या १.०५९४६ पट असेल. सर्व पायऱ्या सारख्या असल्या की कोणत्याही पायरीला षड्ज मानता येते आणि पट्टी बदलण्याचा अडथळाच नाहीसा होतो.

सौद्याची दुसरी बाजू आकड्यांतच दिसते. समविभागी सप्तकात २४० च्या षड्जाचा ऋषभ २६९.४ आणि त्या ऋषभाचा पंचम ४०३.६ हर्ट्झ येतो. या जोडीचे विस्पंद सेकंदाला एकाहूनही कमी, म्हणजे पंचम जवळजवळ शुद्ध राहिला. गंधाराची किंमत मात्र जबर आहे. तो ३०० ऐवजी ३०२.४ हर्ट्झवर जातो आणि षड्जाबरोबर सेकंदाला नऊ ते दहा विस्पंद देतो. एका पट्टीतला एक स्वर फार बिघडण्यापेक्षा सर्व पट्ट्यांतील सर्व स्वर थोडे थोडे बिघडावेत, असा हा समझोता होता.

युरोपने तो हळूहळू स्वीकारला. तिथल्या संगीताचा प्राण कॉर्डच्या वाटचालीत होता आणि ती वाटचाल एका षड्जावर थांबत नव्हती. भारतात हा समझोता पेटीच्या रूपाने आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता हलवायच्या हार्मोनियमला भारतीय बैठकीस साजेसे रूप दिले आणि पाहता पाहता ती कीर्तनापासून संगीत रंगभूमीपर्यंत सर्वत्र पोहोचली. मराठी गायकाला आपल्या आवाजाची उंची सांगण्यासाठी ‘पांढरी चार’, ‘काळी एक’ ही भाषा या वाद्यानेच दिली.

विरोधही तेवढाच शास्त्रीय होता. १८८५ मध्ये अलेक्झांडर एलिस यांनी विविध देशांच्या स्वरसप्तकांवर निबंध लिहून ‘सेंट’ हे माप प्रचारात आणले, ज्यात सप्तकाचे १२०० भाग होतात. या मापाने शुद्ध गंधार ३८६ सेंटवर आणि पेटीचा गंधार ४०० सेंटवर येतो. चौदा सेंटची ही चूक तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला खुपणे स्वाभाविक होते. महाराष्ट्रात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेच्या लांबीवरून आणि कंपनसंख्येवरून बावीस श्रुतींची मापे काढून १९१० मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे गायन या प्रयोगांना साहाय्यभूत झाले आणि आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुतिपेटी तयार झाली. तिची मापे सर्वांना मान्य झाली नाहीत. तरी ‘कान काय ऐकतो’ हा प्रश्न प्रयोगाने सोडवावा, ही वृत्ती त्या वादातून रुजली. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढले. ही बंदी शिथिल व्हायला १९७१ साल उजाडले. तीन दशके देशातील सर्वांत मोठ्या व्यासपीठावर समविभागी सप्तकाचे सर्वांत लोकप्रिय वाद्य निषिद्ध होते, यावरून त्या चौदा सेंटचे वजन कळते.

दरम्यान, वाजवणाऱ्यांनी पट्टी बदलण्याचे आपापले मार्ग शोधले होते. काहींनी यंत्राला हात घातला. अमेरिकन गीतकार अर्व्हिंग बर्लिन बहुतांशी काळ्या स्वरपट्ट्यांवरच वाजवत. त्यांच्या खास पियानोत एक दांडा सरकवला की बोटे जुन्याच जागी पडत, पण वाजत दुसरे स्वर. भारतातील ‘स्केल चेंजर’ पेटीचे तत्त्व हेच आहे. बोटांची जागा तीच राहते, त्यांखालचे सूर सरकतात.

इतरांनी यंत्राऐवजी लेखन बदलले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात नील मॅथ्यूज यांनी ‘जॉर्डनेअर्स’ या गायकवृंदासाठी कॉर्डची नावे टाळून क्रमांक लिहिण्याची पद्धत सुरू केली. सी, ए मायनर, एफ, जी असे न लिहिता एक, सहा मायनर, चार, पाच असे लिहायचे. मग गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. भारतीय वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. सा, रे, ग, म ही नावे मुळातच सापेक्ष आहेत. षड्ज कुठेही धरा, बंदिशीचे लेखन बदलत नाही. ज्याला नॅशव्हिलने सोय म्हणून शोधले, ते इथे शतकानुशतके संगीताचे व्याकरण होते.

यंत्र आणि लेखन हे दोन मार्ग १९८० च्या दशकात एकत्र आले. १९८३ मध्ये अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ‘मिडी’ हा संकेत प्रत्यक्षात उतरला आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने बोलू लागली. मिडीत स्वर म्हणजे ० ते १२७ मधला एक पूर्णांक. पियानोच्या मध्यावरचा सी ६०, आणि ४४० हर्ट्झचा ए ६९. झू झाइयू यांचे बारावे मूळ इथे घातांकात जाऊन बसले. प्रत्येक क्रमांकाला कंपनसंख्या १.०५९४६ पट होते, म्हणून कंपनसंख्येचा गुणाकार क्रमांकांच्या बेरजेत उतरतो. लॉगॅरिथमची जी युक्ती विद्यार्थी शाळेत शिकतो, तीच ही.

१९९० मध्ये कॅनडातील पीटर गॅनन यांनी ‘बँड-इन-अ-बॉक्स’ हे सॉफ्टवेअर आणले. वापरणाऱ्याने चौकटींत कॉर्ड टंकित करावेत, शैली आणि लय निवडावी, उरलेला वाद्यवृंद संगणक उभा करील, ही त्याची कल्पना. एखादी चौकट घालणे, काढणे, अर्ध्या गाण्याची पट्टी चढवणे हे मजकुराच्या संपादनाइतके सोपे झाले.

बेरीज सोपी असली तरी ती कशावर करायची, हे ठरवणे सोपे नाही. १९९१ च्या ‘जनरल मिडी’ संकेतानुसार दहाव्या वाहिनीवर तालवाद्ये असतात आणि तिथे क्रमांक म्हणजे स्वर नसून वाद्य असते. ३६ म्हणजे बास ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर ड्रम. पट्टी दोनने चढवताना ही वाहिनी वगळली नाही, तर प्रत्येक बास ड्रमच्या जागी स्नेअर वाजेल. कॉर्डच्या नावांचाही असाच पेच आहे. सी, ए मायनर, एफ, जी यांत तीन मिळवून आंधळेपणाने नावे दिली तर डी शार्प, सी मायनर, जी शार्प, ए शार्प असे येईल. आवाज तोच, पण वाचणाऱ्या वादकाचा गोंधळ उडेल, कारण ई फ्लॅटच्या पट्टीत ही नावे नसतात. ‘सी, खाली ई’ अशा जोडनावात दोन्ही अक्षरे हलवावी लागतात. बासची पट्टी उतरवताना चौतारी बास गिटारच्या सर्वांत खालच्या स्वराच्या, ४१.२ हर्ट्झच्या, खाली गेलेला स्वर वरच्या सप्तकात उचलावा लागतो. अंकाला संगीताचा अर्थ माहीत नसतो, तो प्रोग्राम लिहिणाऱ्याला शिकवावा लागतो.

ध्वनिमुद्रण असेल तर बेरीज पुरतच नाही. टेप वेगाने फिरवून पट्टी तीनने चढवावी तर लयही १९ टक्क्यांनी वाढते. लय तशीच ठेवून स्वर सरकवण्यासाठी ध्वनीचे वर्णपटात विघटन करून तो पुन्हा जुळवावा लागतो. १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी दूरध्वनीवरील वाणीसाठी मांडलेली ‘फेज व्होकोडर’ पद्धत या तंत्रांच्या मुळाशी आहे.

इथे एक प्रश्न उभा राहतो. समविभागी सप्तकाची गरज होती ती पेटीवर सप्तकाला बाराच स्वरपट्ट्या असल्यामुळे. संगणकाला स्वरपट्ट्या नाहीत. तो कोणत्याही षड्जापासून शुद्ध गुणोत्तरे क्षणात काढू शकतो. बंगळुरूचे जी. राज नारायण यांनी घडवलेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यात षड्ज हवा तिथे सरकवता येतो आणि तरीही पंचम शुद्ध लावता येतो. मग कॉर्डच्या सॉफ्टवेअरने तो जुना सौदा मोडून का टाकू नये?

उत्तर १५८५ मध्येच छापले गेले होते. इटालियन गणिती जोव्हान्नी बेनेदेत्ती यांनी दाखवले की, स्वरांच्या काही मालिका शुद्ध गुणोत्तरांनी गाइल्या तर षड्ज आपल्या जागी परतत नाही. सी, ए मायनर, डी मायनर, जी आणि पुन्हा सी ही आज असंख्य गाण्यांत येणारी साखळी घ्यावी. प्रत्येक कॉर्डमधला सामाईक स्वर धरून पुढचा कॉर्ड शुद्ध लावला, तर ए ५/३, डी १०/९, जी ४०/२७ आणि अखेरचा सी ८०/८१ वर येतो. २४० वर निघालेला षड्ज एका फेरीत २३७ वर उतरतो आणि पाच फेऱ्यांत तब्बल अर्धा स्वर खचतो. फट तीच आहे, पेटीवर दिसलेली ८१/८०. ती यंत्राची मर्यादा नव्हती. तीन आणि पाच यांचे कोणतेही घात एकमेकांना समान होत नाहीत, या अंकगणिताची होती.

म्हणून दोन संगीतपरंपरांनी दोन गोष्टी जपल्या. तंबोऱ्याने षड्ज खिळवून ठेवला आणि त्या बदल्यात गंधाराची शुद्धता मिळवली. कॉर्डने मुक्त संचार मिळवला आणि त्या बदल्यात गंधार थोडा चढवून दिला. आकाशवाणीच्या बंदीतील खंत आणि स्टेविनच्या बारा समान पायऱ्यांतील धाडस, दोन्ही एकाच अपूर्णांकाला दिलेली प्रामाणिक उत्तरे आहेत. संगणकाने तिसरे उत्तर दिलेले नाही. त्याने फक्त दोन्ही उत्तरे एका पडद्यावर आणून ठेवली आहेत. पट्टी बदलण्याची आज्ञा देणाऱ्या विद्यार्थ्याने त्यानंतर क्षणभर गंधार कान देऊन ऐकावा. सेकंदाला नऊ-दहा वेळा होणारी ती बारीक थरथर म्हणजे त्या बेरजेची किंमत.