थांबणारें पत्र : डॉ. श्रीनिवासन रमणी यांचें कार्य

गोंदियासारख्या जंक्शनाच्या गांवीं पत्राचा स्वभाव सहज उमगतो. हावडा-मुंबई मार्गावरची गाडी टपालाचे थैले उतरवी. पुढची गाडी येईपर्यंत ते फलाटावर पडून राहत आणि मग आपल्या वाटेनें जात. लिहिणारा व वाचणारा एकाच क्षणीं हजर असावयास नको. पत्राला थांबतां येतें, हाच त्याचा मोठा गुण. संगणकावरील टपालाचा, म्हणजे ई-मेलचा, आपल्या देशांतील इतिहास पाहूं गेल्यास त्याच्या मुळाशींहि हाच गुण आढळतो.

या टपालाचा उगम अमेरिकेंतील. रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला, आणि पत्त्यांत माणसाचें व यंत्राचें नांव जोडणारें 'ॲट' हें चिन्ह योजिलें. परंतु तेथें यंत्रें जोडणाऱ्या तारा अहोरात्र चालू असत. आपल्याकडे परगांवीं दूरध्वनि करावयाचा तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे.

या अडचणीवर मुंबईच्या डॉ. श्रीनिवासन रमणी यांनीं काढलेला तोडगा मननीय आहे. १९८२ सालीं लंडनच्या एका परिषदेंत रिचर्ड मिलर यांच्यासह त्यांनीं एक योजना मांडली. विषुववृत्तावरून थोड्या उंचीवर फिरणारा उपग्रह सोडावा. त्यानें खालून आलेले निरोप पोटांत सांठवावे, आणि ज्या ठिकाणचे असतील तेथवर आला म्हणजे ते उतरवावे. संभाषणाला अखंड तार लागते. पत्राला हरकारा पुरतो.

१९८५ सालीं मुंबईंत राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघालें; रमणी त्याचे पहिले संचालक. पुढल्याच वर्षीं सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें 'एर्नेट' ही योजना हातीं घेतली. तींत तें खातें, हें केंद्र, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि पांच आय.आय.टी. अशा आठ संस्था होत्या. पहिला दुवा मुंबईंतल्या मुंबईंत, केंद्र व पवईची आय.आय.टी. यांच्यामध्यें जुळला. एक यंत्र साध्या दूरध्वनीवरून दुसऱ्याला हांक मारी, सांठलेलीं पत्रें देई-घेई आणि दूरध्वनि ठेवून देई. मार्ग तुटला तरी पत्र बुडत नसे. पुन्हां हांक येईपर्यंत तें थांबे. १९९२ सालीं केंद्रांतून अमेरिकेशीं सेकंदाला ६४ किलोबिट वेगाचा दुवा सुरू झाला. सामान्य जनतेला इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं.

येथें एक विसंगति मात्र नजरेआड करतां येत नाहीं. जेथें तारा नाहींत तेथें पत्र पोंचावें म्हणून उपग्रहाची कल्पना निघाली. प्रत्यक्ष जाळें विणलें गेलें तें दिल्ली, मुंबई, मद्रास अशा ठिकाणच्या थोर विद्यापीठांभोंवतीं. त्या आठांत विदर्भांतील एकहि संस्था नव्हती. हा दोष रमणींचा नव्हे. जेथें साधनें तेथेंच नवीं साधनें जातात, या जुन्या रीतीचा आहे.

२०१४ सालीं 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्यें रमणींची निवड झाली. तो मान उचितच होय. शोध परक्यांचा असला तरी तो आपल्या दारिद्र्याच्या मापानें बेतून घेणें, हेंहि शोधाइतकेंच बुद्धीचें काम आहे.